विश्लेषण : शिकागोचे वीजसम्राट सॅम्युएल इन्सल कर्जकराराच्या अटींमध्ये कसे अडकले?

एडिसन यांचे सचिव म्हणून अमेरिकेत आलेल्या माणसाने देशातील सर्वांत मोठ्या वीजसमूहांपैकी एक उभा केला. वीज शेवटपर्यंत विकली जात होती, तरीही समूह बुडाला. का?

वीज कंपन्यांच्या वार्षिक अहवालात मागच्या पानांवर दीर्घ मुदतीच्या कर्जांची एक टीप असते. कोणत्या बँकेचे किती कर्ज, व्याजदर किती, तारण काय आणि कर्जकरारातील अटी पाळल्या की नाहीत, हे त्यात लिहिलेले असते. या अटींना बँकिंगच्या भाषेत कॉव्हेनंट म्हणतात. कर्ज किती पटीपर्यंत वाढवायचे, कोणती मालमत्ता दुसऱ्याकडे गहाण टाकायची नाही, नफा व्याजाच्या किमान किती पट हवा, अशी ही बंधने असतात. मोबाइलवर तिमाही निकालाची बातमी वाचणारा सहसा तिथपर्यंत स्क्रोल करत नाही. नफा वाढला की घटला, एवढ्यावर काम भागते.

सॅम्युएल इन्सल यांची गोष्ट नेमकी या टिपेत दडलेली आहे. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. मात्र १९२९ मध्ये अमेरिकेत ते फोर्ड किंवा मॉर्गन यांच्या बरोबरीने घेतले जाई. तीन वर्षांत हेच नाव फसवणुकीचा प्रतिशब्द बनले.

कोण होते सॅम्युएल इन्सल?

जन्म ११ नोव्हेंबर १८५९, लंडन. घर कनिष्ठ मध्यमवर्गीय, वडील दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते आणि धर्मप्रचारक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि इन्सल एका लिलाव कंपनीत ऑफिसबॉय म्हणून लागले. संध्याकाळी लघुलेखन शिकले. पुढे ती नोकरी गेली, तेव्हा वर्तमानपत्रातील एका जाहिरातीला अर्ज केला. जाहिरात होती थॉमस अल्वा एडिसन यांच्या लंडनमधील प्रतिनिधीची. त्या कार्यालयात पत्रे लिहिता लिहिता एडिसन यांचा युरोपातला सगळा कारभार त्यांना पाठ झाला.

२८ फेब्रुवारी १८८१ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला उतरले, एडिसन यांचे खासगी सचिव म्हणून. त्याच रात्री काम सुरू झाले. एडिसन यांना वीजकेंद्र आणि कारखाने उभारायचे होते, पण हातात रोख नव्हती. युरोपातील टेलिफोन कंपन्यांमधील एडिसन यांचे कोणते हक्क विकता किंवा गहाण ठेवता येतील, हे या नव्या पोराला तोंडपाठ होते. पहाटेपर्यंत हिशेब चालला. पुढच्या वर्षी ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले.

म्हणजे इन्सल यांचा वीजधंद्यातला पहिला धडा तांत्रिक नव्हताच. विजेसाठी आधी पैसा लागतो, तोही भरपूर आणि एकदम, हा तो धडा होता. केंद्र, तारा, खांब, सगळे आधी उभे करायचे. ग्राहक नंतर हळूहळू येणार. शंभर रुपये गुंतवल्यावर पहिल्या वर्षी वीस-पंचवीस रुपयांचीही विक्री होणार नाही, असा हा धंदा. त्यामुळे वीज कंपनी आणि दीर्घ मुदतीचे कर्ज ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

१८८६ मध्ये एडिसन यांनी त्यांना स्केनेक्टडीचा यंत्रकारखाना सांभाळायला पाठवले. तिथे कामगारांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली. १८९२ मध्ये जे. पी. मॉर्गन यांच्या पुढाकाराने एडिसन यांची कंपनी प्रतिस्पर्धी थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक बनली. एडिसन यांचे नावही पाटीवरून गेले. इन्सल यांना नव्या कंपनीत उपाध्यक्षपद देऊ केले होते. ते नाकारून त्यांनी शिकागो एडिसन या छोट्या कंपनीचे अध्यक्षपद घेतले. पगार वर्षाला १२ हजार डॉलर, म्हणजे आधीच्या पगाराच्या एक तृतीयांश. कंपनीचे समभाग घ्यायला शिकागोचे बडे व्यापारी मार्शल फील्ड यांच्याकडून अडीच लाख डॉलर उसने घेतले. न्यूयॉर्कच्या बँकर्सविषयीची अढी मात्र मनात कायम राहिली. ही अढी पुढे महत्त्वाची ठरते.

तुमच्या वीजबिलाशी त्यांचा काय संबंध?

त्या वेळी शिकागोत वीस-बावीस तरी वीज कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. प्रत्येकीची दोन-चार गल्ल्यांपुरती तार. इन्सल यांनी एकेक करत त्या विकत घेतल्या. १९०७ मध्ये कॉमनवेल्थ एडिसन ही एकच कंपनी उरली.

एकत्रीकरण हा अर्धाच भाग होता. १८९४ च्या नाताळात ते इंग्लंडला गेले असता ब्रायटनमध्ये त्यांना एक वेगळा मीटर दिसला. तो वापरलेली वीज मोजण्याबरोबरच ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती भार टाकला, हेही नोंदवत होता. इन्सल यांच्या डोक्यात दिवा पेटला, असे म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी सात वाजता सगळे दिवे एकदम लागतात, म्हणून तेवढे मोठे यंत्र बसवावे लागते. बाकीचे तास ते जवळपास रिकामे फिरते. त्या रिकाम्या वेळेतही कर्जाचे व्याज चालूच असते. मग दिवसा ट्रामला, रात्री बर्फाच्या कारखान्याला, दुपारी लिफ्टला स्वस्तात वीज विकली तर? इंजिनीअरिंगला आपण ‘लोड फॅक्टर’ ही दोन गुणांची व्याख्या म्हणून पाठ करतो. तिच्या मुळाशी बँकेचे व्याज आहे, हे तिथे सहसा कोणी सांगत नाही.

त्यातून दोन भागांचा वीजदर अमेरिकेत रुजला : एक भाग यंत्रणा तयार ठेवण्याचा, दुसरा प्रत्यक्ष वापराचा. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्यामागचा तर्क हाच आहे. घर महिनाभर बंद असले तरी स्थिर आकार का द्यायचा, हा आपला नेहमीचा राग. उत्तर असे की तारेवरचे कर्ज महिनाभर सुटीवर जात नाही.

१९०३ मध्ये शिकागोच्या फिस्क स्ट्रीट केंद्रात इन्सल यांनी ५ हजार किलोवॉटचे वाफेचे टर्बाइन बसवले. एवढे मोठे टर्बाइन चालेल का, याची खात्री बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकलाही नव्हती. ते चालले. दर कमी, वापर जास्त, यंत्र आणखी मोठे, दर आणखी कमी, असे चक्र सुरू झाले. खोपोलीची जलवीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत १९१५ मध्ये पोहोचली. तोपर्यंत इन्सल शिकागोभोवतीच्या खेड्यांत आणि शेतांवर तारा नेत होते.

ओपन-एंड मॉर्गेज म्हणजे काय?

या चक्राला सतत नवा पैसा लागत होता. इथे इन्सल यांनी केलेला बदल टर्बाइनइतकाच महत्त्वाचा होता, पण त्याची चर्चा कमी होते.

तेव्हाची पद्धत अशी : कंपनी आपले वीजकेंद्र गहाण ठेवून ठरावीक रकमेचे रोखे काढायची. समजा १० लाखांचे. ते विकले की गहाणखत बंद. पुढच्या वर्षी नवे यंत्र घ्यायला पैसा हवा असेल, तर त्याच मालमत्तेवर दुसऱ्या क्रमांकाचे गहाण. पहिले रोखेधारक आधी, हे नंतर. साहजिकच दुसऱ्यांना जास्त व्याज द्यावे लागे, तिसऱ्यांना त्याहून जास्त. वाढणाऱ्या कंपनीला वाढीचीच शिक्षा.

इन्सल यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस गहाणखताची रक्कम खुली ठेवली. एकच गहाणखत, दीर्घ मुदतीचे. कंपनी नवी मालमत्ता जोडत जाईल तसे त्याच गहाणावर, त्याच दर्जाचे आणखी रोखे काढता येतील. आजचा गुंतवणूकदार विचारेल तोच प्रश्न तेव्हाच्या गुंतवणूकदारांनी विचारला : उद्या कंपनीने वाट्टेल तेवढे रोखे काढले, तर माझ्या वाट्याला काय उरणार?

याचे उत्तर म्हणजेच कॉव्हेनंट. अशा करारांमध्ये सर्वसाधारणपणे तीन कुंपणे असतात. नव्या मालमत्तेच्या पूर्ण किमतीइतके रोखे काढता येत नाहीत. समजा पाऊण भागापर्यंतच, बाकीचा पैसा भागधारकांचा. कंपनीची कमाई व्याजाच्या ठरावीक पट असेल तरच नवे रोखे. आणि यंत्रे झिजतात म्हणून दरवर्षी देखभालीसाठी व बदलीसाठी ठरावीक रक्कम बाजूला. हे सगळे रोखेधारकांच्या वतीने पाहायला एक विश्वस्त. रक्कम खुली आणि अटी बंद, असा तो सौदा होता. वीजधंद्यात ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या रोख्यांच्या मागे विटा, तांबे आणि बिल भरणारे ग्राहक होते. शिवाय, दर ठरवायला सरकारी आयोग असावा, अशी मागणी इन्सल यांनी स्वतः १८९८ मध्येच वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष म्हणून केली होती. मक्तेदारी द्या आणि बदल्यात दर ठरवा, असा त्यांचा प्रस्ताव. तेव्हा त्यांचे सहकारी उद्योजक चकित झाले. खरे तर यातही रोख्यांचा हिशेब होता : उत्पन्नाची शाश्वती असलेल्या कंपनीला कर्ज स्वस्त मिळते.

मनोरा किती मजल्यांचा झाला?

१९१२ मध्ये इन्सल यांनी मिडल वेस्ट युटिलिटीज ही होल्डिंग कंपनी काढली. ही कंपनी वीज तयार करत नव्हती. तिच्याकडे होते वीज कंपन्यांचे समभाग. छोट्या गावातील कंपनीला एकटीला बँक दारात उभे करत नसे. होल्डिंग कंपनीच्या नावावर पैसा मिळे आणि तो खाली पोहोचे. धाकटे बंधू मार्टिन तिचा कारभार पाहत. १९२० च्या दशकाअखेर हा पसारा तीसहून अधिक राज्यांतील सुमारे ५ हजार गावांपर्यंत गेला.

मनोऱ्याचे गणित समजून घेऊ. आकडे केवळ उदाहरणासाठी. खालच्या वीज कंपनीची मालमत्ता १०० रुपये. त्यात ६० रुपयांचे रोखे, २० रुपयांचे अग्रहक्क समभाग आणि २० रुपयांचे साधे समभाग. मताधिकार फक्त साध्या समभागांना. म्हणजे १० रुपयांत निम्मी कंपनी तुमची. हे १० रुपये ज्या होल्डिंग कंपनीने घातले, तिनेही ५ रुपयांचे रोखे काढले आणि ५ चे समभाग. त्यातील निम्मे समभाग अडीच रुपयांना मिळतात. अडीच रुपयांत १०० रुपयांच्या वीज कंपनीची चावी. यावर आणखी एक मजला चढवा; रक्कम आणखी खाली येते.

आता कमाई. खालची कंपनी वर्षाला ८ रुपये कमावते. ५ टक्क्यांनी रोख्यांचे ३ रुपये, ६ टक्क्यांनी अग्रहक्क समभागांचे १ रुपया २० पैसे गेले. उरले ३ रुपये ८० पैसे. निम्मे, म्हणजे १ रुपया ९० पैसे, वरच्या कंपनीला. तिचे व्याज ३० पैसे गेले, तर १ रुपया ६० पैसे राहिले. ५ रुपयांच्या भांडवलावर ३२ टक्के! पण कमाई ८ वरून ६ वर आली, तर? वर उरतात फक्त ६० पैसे. तळ २५ टक्क्यांनी घसरला की वरचा मजला ६० टक्क्यांहून अधिक घसरतो. कॅल्क्युलेटर काढून पाहायला हरकत नाही.

आणि वरच्या मजल्यावरील रोख्यांमागे विटा आणि तांबे नव्हते. खालच्या मजल्याचे समभाग होते. कॉव्हेनंट खालीही होते, वरही होते. पण खालची मालमत्ता जागेवरून हलत नव्हती आणि वरची रोज बाजारभावाप्रमाणे बदलत होती.

हे समभाग विकण्याची इन्सल यांची पद्धतही वेगळी. न्यूयॉर्कला टाळून शिकागोच्या हॅल्सी, स्टुअर्ट अँड कंपनीमार्फत रोखे, आणि समभाग थेट वीजग्राहकांना. कंपनीचे कर्मचारीच ओळखीपाळखीत विकत. शिक्षक, कारकून, विधवा, स्वयंपाकी असे लाखो लोक भागधारक बनले. ग्राहकच मालक झाला की सरकारीकरणाची मागणी कोण करणार, असाही त्यामागे हिशेब होता.

राजकारणात पैसा टाकायलाही ते कचरले नाहीत. १९२६ मध्ये सिनेटच्या उमेदवाराला त्यांनी सव्वा लाख डॉलर दिले. तो उमेदवार, फ्रँक स्मिथ, इलिनॉय राज्याच्या वीजदर ठरवणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष होता! तो निवडून आला, पण सिनेटने त्याला बसू दिले नाही. इन्सल यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही या प्रकरणाचे समर्थन जमलेले नाही.

सायरस ईटन यांची भीती का वाटली?

१९२८ मध्ये क्लीव्हलँडचे गुंतवणूकदार सायरस ईटन यांनी गाजावाजा न करता इन्सल कंपन्यांचे समभाग गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा एक उघडे सत्य समोर आले : एवढ्या साम्राज्यात इन्सल यांची स्वतःची मालकी फार थोडी होती. ते चालवत होते, मालक हजारो इतर होते.

उपाय म्हणून डिसेंबर १९२८ मध्ये इन्सल युटिलिटी इन्व्हेस्टमेंट्स आणि पुढच्या वर्षी कॉर्पोरेशन सिक्युरिटीज कंपनी, असे दोन नवे मजले सर्वांत वर चढले. काम एकच : समूहातील कंपन्यांचे समभाग धरून ठेवायचे, म्हणजे ताबा जाणार नाही. बाजार वेडा झाला होता. कॉमनवेल्थ एडिसनचा भाव १९२९ च्या जानेवारीत दोनशे डॉलरच्या आसपास होता, ऑगस्टमध्ये साडेचारशेच्या घरात. इन्सल यांची संपत्ती कागदावर १५ कोटी डॉलरच्या आसपास गेली. ४ नोव्हेंबर १९२९ रोजी, शेअर बाजार कोसळल्यानंतर आठवड्याभरात, त्यांनी बांधलेल्या शिकागोच्या भव्य सिव्हिक ऑपेरा हाउसचा पडदा उघडला. ती इमारत आरामखुर्चीच्या आकाराची आहे. शिकागोकर तिला इन्सल यांचे सिंहासन म्हणत.

मंदी थोड्या महिन्यांची आहे, असे इन्सल यांना वाटले. आधीच्या मंदीत त्यांनी हात आखडला नव्हता, आताही आखडला नाही. जून १९३० मध्ये त्यांनी ईटन यांच्याकडील सुमारे १ लाख ६० हजार समभाग बाजारभावापेक्षा चढ्या दराने, एकूण ५ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतले. माझ्या मते इथेच खेळ संपला. बाकीची दोन वर्षे फक्त हिशेब पूर्ण व्हायला लागली. कारण या रकमेचा मोठा भाग उसना होता आणि शिकागोच्या बँका पुरेनात म्हणून पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या बँकांकडे हात पसरावा लागला. ज्यांना ३८ वर्षे टाळले, त्यांच्याकडे. मुदत अल्प, तारण समूहातील कंपन्यांचे समभाग.

एका अपवादाने काय केले?

इन्सल युटिलिटी इन्व्हेस्टमेंट्सने १९३० मध्ये लोकांना दहा वर्षांची, सहा टक्के व्याजाची डिबेंचर विकली होती. डिबेंचर म्हणजे विशिष्ट तारण नसलेले कर्जरोखे; कंपनीच्या एकूण पतीवर विश्वास ठेवून घ्यायचे. अशा धारकाचे रक्षण करायला करारात एक अट होती : कंपनी आपली मालमत्ता इतर कोणाकडे गहाण ठेवणार नाही, ठेवलीच, तर डिबेंचरधारकांनाही त्या तारणात बरोबरीचा वाटा देईल. आजही वीज कंपन्यांच्या कर्जकरारात ही अट असते, तिला निगेटिव्ह प्लेज म्हणतात.

पण तिला एक अपवाद जोडला होता. नेहमीच्या व्यवहारात घेतलेल्या, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या नसलेल्या कर्जासाठी मालमत्ता तारण ठेवता येईल. कागदावर निरुपद्रवी वाटणारी ओळ. रोजच्या कारभारासाठी बँकेची पतसुविधा वापरताना दरवेळी डिबेंचरधारकांची परवानगी कुठे मागत बसायची, एवढाच तिचा साधा अर्थ.

बँकांच्या कर्जाची अट वेगळी होती. तारणाचा बाजारभाव कर्जापेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त राहिला पाहिजे. कमी पडला की आणखी समभाग आणून द्या. भाव घसरला, समभाग दिले. आणखी घसरला, आणखी दिले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले आणि जगभरचे बाजार पुन्हा गडगडले. डिसेंबरपर्यंत वरच्या दोन्ही कंपन्यांच्या तिजोरीतील जवळपास सगळे समभाग बँकांकडे गेले होते. कर्जाची मुदत संपली की नव्याने लिहायचे, म्हणजे ते पुन्हा वर्षाच्या आत बसे. अट शब्दशः पाळली जात होती आणि डिबेंचरधारकांच्या मागे उरलेली कंपनी रिकामी होत होती.

हे नेहमीच्या व्यवहारातील कर्ज होते का? ताबा टिकवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे समभाग घ्यायला काढलेले कोट्यवधींचे कर्ज, आणि बुडत्या कंपनीने दिलेले वाढीव तारण, या अपवादात बसते का? हा वाद पुढे न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेला. डिबेंचरधारकांच्या वतीने सेंट्रल हॅनोवर बँकेसह इतर बँकांवर दावा झाला. १९३५ मध्ये निकाल बँकांच्या बाजूने लागला, १९३६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. निगेटिव्ह प्लेजविषयी लिहिणारे वकील आजही या खटल्याचा दाखला देतात. डिबेंचर घेणाऱ्या शिकागोच्या शिक्षिकेला हे सगळे १९३० मध्ये कोणी समजावून सांगितले असेल, याची शक्यता शून्य.

या काळात वीज मात्र विकली जात होती. कारखाने मंदावले, पण घरातील दिवे कोणी बंद केले नव्हते. कॉमनवेल्थ एडिसन आपले व्याज भरत होती. कोसळत होते ते वरचे मजले.

शेवटची बैठक कशी झाली?

१९३२ च्या सुरुवातीला बँकांनी समूहाचे हिशेब तपासायला आर्थर अँडरसन यांची फर्म नेमली. त्यानंतर इन्सल यांच्या कंपन्यांत बँकांना विचारल्याशिवाय मोठा धनादेश निघत नव्हता. मिडल वेस्टच्या १ कोटी डॉलरच्या कर्जाची मुदत जूनमध्ये संपत होती. अब्जावधींच्या समूहासाठी ही रक्कम किरकोळ. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला जनरल इलेक्ट्रिकचे ओवेन यंग यांच्या कार्यालयात बँकर्स जमले. इन्सल यांना बाहेर बसवून ठेवले होते. मुदतवाढ मिळणार नाही, हे त्यांना नंतर सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या मध्यावर मिडल वेस्ट आणि वरच्या दोन्ही कंपन्या रिसीव्हरच्या हाती गेल्या.

६ जून १९३२ रोजी ७२ वर्षांच्या इन्सल यांनी साठहून अधिक कंपन्यांच्या पदांचे राजीनामे दिले. सह्या करायलाच काही तास गेले असतील! सहा लाखांच्या आसपास भागधारक आणि पाच लाखांच्या आसपास रोखेधारक या पडझडीत सापडले, असा तेव्हाचा अंदाज. शंभर डॉलरच्या वर गेलेले समभाग सेंटवर आले.

इन्सल पत्नी ग्लॅडिस यांच्यासह पॅरिसला गेले. निवडणुकीचे वर्ष होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी प्रचारसभांत त्यांचे नाव घेतले. ऑक्टोबरमध्ये शिकागोत अपहाराचा आरोप ठेवला गेला. भावाच्या शेअर दलालाकडील खात्याला आधार द्यायला कंपनीचा पैसा वापरल्याचा मुद्दा त्यात होता. इन्सल ग्रीसला निघून गेले, कारण तिथून प्रत्यार्पण होत नव्हते. दीड वर्षाने ग्रीसनेही जायला सांगितले, तेव्हा मालवाहू बोट भाड्याने घेऊन ते समुद्रात भटकले. इस्तंबूलमध्ये तुर्कस्तानने पकडून दिले. मे १९३४ मध्ये त्यांना अमेरिकेत आणले.

मग ते दोषी ठरले का?

नाही. १९३४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टपालाद्वारे फसवणुकीचा मुख्य खटला चालला. सोबत मुलासह सोळा आरोपी. लाभांश म्हणून मिळालेले समभाग बाजारभावाने उत्पन्नात दाखवणे, झीज कमी धरणे, असे मुद्दे सरकारी पक्षाने मांडले. इन्सल साक्षीला उभे राहिले आणि लंडनच्या ऑफिसबॉयपासून सगळे आयुष्य सांगितले. सगळे व्यवहार हिशेबात नोंदलेले होते, स्वतःचा पैसाही त्यांनी त्याच कंपन्यांत बुडवला होता. ज्युरींनी दोनेक तासांत सर्वांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उरलेल्या दोन खटल्यांतही तेच झाले.

कायद्याने सुटका झाली, पण प्रश्न उरतोच. अट मोडली नाही, तिच्यातील फट वापरली. तीही स्वतःच्या ताब्यासाठी, लोकांच्या पैशाच्या जिवावर. मला त्यांचा गुन्हा चोरीचा वाटत नाही. ज्याने रोखेधारकाला कुंपण घालून दिले, त्यानेच तीस वर्षांनी वरच्या मजल्यावर ते कुंपण तकलादू ठेवले, हे मात्र खटकते.

अमेरिकी संसदेने दरम्यान नियम बदलले. १९३५ च्या होल्डिंग कंपनी कायद्याने वीजक्षेत्रातील असे मनोरे पाडायला लावले. १९३९ च्या ट्रस्ट इंडेंचर कायद्याने रोखेधारकांच्या विश्वस्तावर प्रत्यक्ष जबाबदाऱ्या टाकल्या. आपल्याकडे जाहीर विक्रीच्या एनसीडीसाठी डिबेंचर ट्रस्टी नेमणे बंधनकारक आहे, ते याच विचाराचे भावंड. १९३५ चा कायदा २००५ मध्ये रद्द झाला. त्याआधीच त्यातून सवलती मिळवलेल्यांत दाभोळमुळे महाराष्ट्राला चांगलीच ओळखीची असलेली एन्रॉन होती. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे पतमानांकन घसरले आणि एका करारातील अटीमुळे ६९ कोटी डॉलरचे देणे तत्काळ अंगावर आले. २ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज. तिचे हिशेब तपासणारी फर्म होती आर्थर अँडरसन!

इन्सल पॅरिसला परतले. १६ जुलै १९३८ रोजी तिथल्या मेट्रोच्या एका स्थानकात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. खिशात थोडी नाणी होती, पाकीट नव्हते. मृत्युपत्रानुसार मागे सुमारे एक हजार डॉलर होते आणि देणी १ कोटी ४० लाख डॉलरची. लंडनच्या पुटनी व्हेल दफनभूमीत आईवडिलांजवळ त्यांना पुरले.

कॉमनवेल्थ एडिसन मंदीतही बुडाली नाही. आज ती कॉमएड नावाने शिकागोला वीज पुरवते. फिस्क स्ट्रीटचे केंद्र १९९९ मध्ये तिने विकले आणि ते मिडवेस्ट जनरेशन या कंपनीकडे गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये ते बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिडवेस्ट जनरेशन आणि तिच्यावरची होल्डिंग कंपनी एडिसन मिशन एनर्जी यांनी दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. होल्डिंग कंपनीच्या डोक्यावर रोख्यांचे सुमारे ३७० कोटी डॉलर होते.